चांगल्या घरची मुलं आणि इंजिनाचा नाद

सांगू नये, पण सांगितल्यावाचून राहवत नाही. तुमच्यापुरतंच ठेवा. चांगल्या घरची, शिकलेली, कमावती मुलं नादी लागली आहेत. दारू नाही, पत्ते नाहीत, कुठे सूत जुळलंय म्हणावं तर तेही नाही. तसं काही असतं तर आईवडिलांना चार लोकांत निदान रडता तरी आलं असतं. ही मुलं रविवारी पहाटे, सज्जन माणसं कूस बदलून पुन्हा झोपतात त्या मुहूर्तावर उठतात, पहिली लोकल धरतात, कर्जतला उतरतात आणि इंजिनाचे फोटो काढतात. वडा खातात तोही दोन गाड्यांच्या मधल्या वेळात, नजर सिग्नलवर ठेवून. कर्जतला जाऊन वड्याकडे दुर्लक्ष! संस्कार म्हणून काही उरलेच नाहीत.

बरं, एकदा फोटो काढला, हौस फिटली, असंही नाही. गाडी तीच, वळण तेच, पाय रोवायचा दगडसुद्धा तोच, आणि पुढच्या रविवारी स्वारी पुन्हा हजर. का म्हणून विचारलं तर उत्तर येतं, "काकू, मागच्या वेळी लाइट नव्हता." सकाळी नऊ वाजता लाइट नव्हता! काकू बिचाऱ्या विजेचं बिल भरलंय का ते बघायला आत गेल्या. हल्ली यात मुलीही आहेत म्हणे. म्हणजे आता 'मुलगा वाया गेला' एवढ्यावर भागण्यासारखं नाही.

आणि त्यांची आपापसांतली कुजबुज? ती तर चारचौघांत वाचून दाखवण्याजोगी नाही. "आज डेक्कन क्वीनला ऑफलिंक आलंय," एवढं वाक्य एकाच्या फोनवर झळकलं की बाकीच्यांचे चेहरे असे होतात, जणू नावाजलेल्या घरची सून भलत्याच्याच गाडीतून लोणावळ्याला उतरताना दिसली. प्रकरण असं आहे. कुठल्या गाडीला कुठल्या शेडचं, म्हणजे कुठल्या माहेरचं, इंजिन लागायचं हे रेल्वेत आधी ठरलेलं असतं. त्याला लिंक म्हणतात. एखाद्या दिवशी ठरलेलं इंजिन मिळालं नाही की दुसऱ्याच शेडचं, कधी तर दुसऱ्याच जातीचं इंजिन जोडून गाडी सोडतात. तेच ऑफलिंक. प्रवाशांना याचा पत्ताही नसतो; ते आत चीज टोस्ट खात असतात. बाहेर मात्र 1930 पासून मुंबई-पुण्याची राणी म्हणून मिरवलेल्या गाडीच्या अब्रूचा पंचनामा चाललेला असतो. पंचनाम्याला पुरावा हवा, म्हणून फोटो. त्यात इंजिनाचा नंबर वाचता आला पाहिजे, अंगावर रंगवलेलं शेडचं नाव वाचता आलं पाहिजे. कल्याण, अजनी, भुसावळ, जे असेल ते. नंबर धूसर आला की फोटो बाद, मग आकाशात इंद्रधनुष्य का असेना.

हा झाला नंबरवाल्यांचा तट. होय, तट! चांगला रेल्वे फोटो म्हणजे काय, या प्रश्नावरून या मंडळींत जी भांडणं आहेत ती पाहून भाऊबंदकीतल्या दाव्यांचे वकील गप्प बसतील.

दुसरा तट उजेडवाल्यांचा. हे फार सोवळ्यातले. सूर्य आपल्या पाठीशी पाहिजे, गाडी तिरपी येताना पकडली पाहिजे, इंजिनाचं तोंड आणि कूस दोन्ही उजळली पाहिजेत, आणि वळणावर शेवटच्या डब्यापर्यंत सगळी गाडी मोजून घेता आली पाहिजे. म्हणून हे लोक आधी नकाशा पाहतात, मग सूर्य कुठून येणार ते पाहतात, आणि सगळ्यात शेवटी घरच्यांना विचारतात. चर्चगेट-विरार मार्ग साधारण दक्षिणोत्तर. म्हणून सकाळी पूर्वेच्या बाजूला उभं राहायचं, संध्याकाळी पश्चिमेच्या. भर दुपारी उजेड थेट डोक्यावरून पडतो, इंजिनाच्या तोंडावर सावली उतरते आणि उजेडवाले जेवायला जातात. चैत्र-वैशाखात हवेत धूळ असते म्हणून कुरकुर, आषाढात पाऊस असतो म्हणून कुरकुर. पाऊस ओसरल्यावर हवा धुऊन निघते, घाटात सोनकी पिवळी होते, तेव्हा मात्र यांना घरी शोधू नका.

गणितही यांचं पक्कं. शाळेत ज्यांना काळ-काम-वेगाची उदाहरणं सुटत नव्हती, ती मुलं आता तोंडी सांगतात की ताशी 130 किलोमीटरने जाणारी गाडी एका सेकंदात 36 मीटर जाते. शटर एक हजारांश सेकंद उघडं ठेवलं तर तेवढ्यात ती साडेतीन सेंटिमीटरच्या आसपास सरकते, फोटो ठीक येतो. एक साठांश ठेवलं तर साठ सेंटिमीटर, म्हणजे नंबर गेला. पण शटर फार जलद ठेवलं तरी पंचाईत. लोकलच्या कपाळावरची एलईडीची पाटी आपल्याला सलग दिसते, प्रत्यक्षात तिचे दिवे क्षणाक्षणाला उघडझाप करत असतात. हजारांश सेकंदात त्यातली निम्मीच अक्षरं पेटलेली सापडतात, आणि फोटोतली लोकल कुठे चालली आहे ते तिलाही ठाऊक नसतं.

गाडी तिरपी पकडायच्या या पापाचं मूळ शोधायला गेलं तर ते थेट 7 जुलै 1896 पर्यंत जातं. त्या दिवशी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंची हलती चित्रं दाखवली गेली, आणि त्या पहिल्या खेळातल्या सहा चित्रांत एक होतं गाडीच्या आगमनाचं. म्हणजे या शहराने सिनेमा पाहिला तोच फलाटासकट. ल्युमिएर मंडळींच्या ला सिओताच्या प्रसिद्ध चित्रात कॅमेरा फलाटावर मांडून गाडी दुरून येऊन तिरपी अंगावर येऊ दिली आहे. लोक घाबरून पळाले ही नंतरची दंतकथा. पण कर्जतचा तो दगड आणि ला सिओताचा तो फलाट यांत कोनाचा फारसा फरक नाही. सव्वाशे वर्षं होऊन गेली, माणसं तिथेच उभी आहेत.

तिसरा तट धूरवाल्यांचा. यांची गोष्ट मुलाबाळांसमोर काढू नये. सगळं जग धूर कमी कसा होईल या चिंतेत आहे, आणि ही मंडळी तो जास्त कसा निघेल म्हणून देव पाण्यात ठेवून बसतात. यांचं दैवत म्हणजे अल्को. अमेरिकन लोकोमोटिव्ह कंपनीच्या रचनेची डिझेल इंजिनं 1950 च्या दशकाच्या अखेरीपासून भारतात आली, पुढे वाराणसीत हजारोंनी बनली. चालकाने खटका पुढे सरकवला की तेल आत लगेच जातं, पण टर्बो वेग घेऊन पुरेशी हवा पुरवेपर्यंत जरा वेळ जातो. तेवढ्यात अर्धवट जळलेलं तेल काळाकुट्ट लोट होऊन बाहेर पडतं. यंत्राचा हा दोष म्हणजे धूरवाल्यांच्या मते चांगल्या फोटोची पहिली अट! आता ब्रॉडगेजचं विद्युतीकरण जवळपास पूर्ण झालंय, अल्को निवृत्त होत चाललीत, आणि धूरवाले सुतकात आहेत.

चौथ्या तटाचं नाव आम्ही दबक्या आवाजातच घेणार. पुसणारे. हे लोक दिवसा साळसूदपणे फोटो काढतात आणि रात्री दार लावून संगणकावर त्यातले खांब पुसतात. विजेच्या मार्गावर तारा धरायला जास्तीत जास्त 72 मीटरवर एक खांब असतोच, वळणावर त्याहून जवळ. तेव्हा इंजिनाच्या डोक्यातून खांब उगवलेला दिसणं हे या धंद्यातलं प्रारब्ध. पुसणाऱ्यांना ते सोसत नाही. खांब जातो, मग तार जाते, मग फलाटावरचा कचरा जातो, कचऱ्याशेजारी डबा घेऊन बसलेले काकाही जातात. उरतं ते चकचकीत इंजिन, वर पेंटोग्राफ उंचावलेला आणि त्याला टेकायला तारच नाही. 25,000 व्होल्टचं इंजिन चालतंय तरी कशावर? श्रद्धेवर?

पुसणाऱ्यांना बोल लावायला जावं तर ते बड्या लोकांची नावं पुढे करतात. आणि इथे खरं खमंग प्रकरण सुरू होतं, जरा सरसावून बसा.

अमेरिकेत ओ. विन्स्टन लिंक नावाचा एक गृहस्थ होता. धंद्याने जाहिरातींचा छायाचित्रकार, म्हणजे चांगला कमावता. 1955 मध्ये याला नाद लागला. व्हर्जिनिया आणि आसपासच्या भागात नॉरफोक अँड वेस्टर्न नावाची रेल्वे होती. तिथल्या बड्या रेल्वेंपैकी वाफेची इंजिनं हिनेच सगळ्यात शेवटी सोडली. ती 1960 मध्ये संपेपर्यंत लिंक तिच्या मागावर होता, आणि तोही मुख्यतः रात्रीचा! सूर्य आपल्या मर्जीप्रमाणे हलत नाही, म्हणून याने सूर्यालाच रजा दिली. अंधारात जागोजाग फ्लॅशचे बल्ब बांधायचे, मैदानभर तारा पसरायच्या, आणि गाडी ठरल्या जागी आली की सगळे एकदम पेटवायचे. एकदा पेटले की बल्ब संपले, गाडीही गेली. रेल्वे कंपनी याला आवरेल म्हणावं तर तीच त्याला सामील.

त्याचा सगळ्यात गाजलेला फोटो 1956 चा, वेस्ट व्हर्जिनियातल्या येगर गावचा. मोटारीत बसून सिनेमा पाहायचं मैदान आहे. पुढे उघड्या मोटारीत एक जोडपं बिलगून बसलंय. पडद्यावर विमान उडतंय. आणि मागून वाफेचं इंजिन मालगाडी घेऊन धडधडत चाललंय, तिकडे कुणाचंही लक्ष नाही. मोटार लिंकची स्वतःची. आणि विमान? फ्लॅशच्या झोतात पडद्यावरचं चित्र पार उडून गेलं होतं, म्हणून गृहस्थाने ते दुसऱ्या निगेटिव्हवरून आणून छापताना बसवलं! थांबा, अजून आहे. म्हातारपणी याच्या दुसऱ्या बायकोला याचेच फोटो चोरल्याबद्दल 1996 मध्ये तुरुंगात जावं लागलं. इंजिनांच्या फोटोंसाठी माणसं गजाआड! आणि समाजाने या सगळ्याचा निषेध केला का? नाही. रोआनोक गावातल्या जुन्या स्टेशनच्या इमारतीत 2004 साली त्याच्या नावाने संग्रहालय उघडलं.

दुसरं नाव छायाचित्रकार स्टीव्ह मकरी याचं. 1983 साली याने आग्र्याला वाफेचं इंजिन टिपलं. मागे धुक्यात ताजमहाल, इंजिनावर दोन माणसं. ताजमहालाचे फोटो किती निघाले असतील याला गणती नाही. पण हा लक्षात राहतो तो त्या काळ्या इंजिनामुळे आणि त्या दोन माणसांमुळे. याच मकरीच्या काही छायाचित्रांत संगणकावर फेरफार झाल्यावरून 2016 मध्ये केवढा गदारोळ उठला होता. पुसणारे हे ऐकून खूश होतात, की बघा, मोठी माणसंही करतात.

करतात, पण काय करतात ते जरा नीट पाहा की! लिंकने फोटोत भर घातली. जोडपं घातलं, मोटारी ठेवल्या, विमान चिकटवलं. ल्यूरे गावी त्याने पुलावरून इंजिन जाताना खाली ओढ्यात डुंबणारी पोरं टिपली. एका घरात शिरून बैठकीच्या खोलीतल्या खिडकीतून बाहेरची गाडी टिपली. त्याच्या फोटोंत इंजिन नेहमी कुणाच्या तरी आयुष्याच्या शेजारून जातं. म्हणून वाफेचं इंजिन जन्मात न पाहिलेला माणूसही त्या फोटोपुढे थांबतो. लबाडी त्याने केली, हे आम्ही झाकत नाही. पण ती माणसं आणण्यासाठी केली. आमची मुलं करतात ती माणसं घालवण्यासाठी.

आता घरचं उदाहरण घ्या. छायाचित्रकार रघू राय यांचा 1995 मधला चर्चगेट स्टेशनचा फोटो. नंबरवाल्यांनी तो पाहिला तर भोवळ येईल, कारण नंबर सोडाच, त्यात गर्दीच धूसर झाली आहे. शटर सावकाश ठेवल्यामुळे धावणारी माणसं नुसती वाहताना दिसतात, आणि त्या लोंढ्यात वर्तमानपत्रात डोकं घातलेली मोजकी मंडळी तेवढी स्पष्ट. गाडी हा त्यातला नायक नाहीच. तरी तो मुंबईच्या लोकलचाच फोटो आहे, हे मुंबईकराला पाटी वाचून सांगावं लागत नाही.

कोकण रेल्वेवर रत्नागिरीजवळ पानवल नदीचा पूल आहे. उंची 64 मीटर. दरीतून पाहिलं तर वरची गाडी बोटभर दिसते. दरीतून काढलेल्या अशा फोटोवरून नंबरवाले आणि बाकीचे यांचं बोलणंच बंद झालंय, असं कानावर आहे. नंबरवाले म्हणतात, यात इंजिन कुठाय? बाकीचे म्हणतात, यात कोकण आहे, ते दिसत नाही का? आम्ही या भांडणात बाकीच्यांच्या बाजूने. तीच गाडी जवळून, तोंड उजळून, चकचकीत काढली तर ती नागपूरला उभी आहे की नांदगावला, काही कळत नाही. पुलाच्या त्या उंच खांबांवरून चाललेली बोटभर गाडी मात्र दुसरीकडे कुठे नेऊन ठेवता येणार नाही.

आणि त्याच पुलावर पुसणाऱ्यांचा निकालही लागतो. कोकण रेल्वेच्या संपूर्ण विद्युतीकरणाचं लोकार्पण 2022 साली झालं. म्हणजे पुलावर विजेचे खांब नसलेला फोटो आधीचा, खांब असलेला नंतरचा. जो खांब तुम्ही रात्री दार लावून पुसता, ती त्या फोटोची तारीख आहे! मुंबईत 1925 साली 1,500 व्होल्ट डीसी विजेवर गाड्या सुरू झाल्या आणि 2016 मध्ये हार्बर मार्गावर डीसी संपली. त्या काळात घाटात मालगाड्या ओढणाऱ्या विजेच्या इंजिनांना रेल्वेतले लोक 'खेकडा' म्हणायचे. एक खेकडा मुंबईच्या नेहरू विज्ञान केंद्रात आजही पाहायला मिळतो. पण उभं इंजिन वेगळं आणि फोटो वेगळा. तेव्हा कुणी खेकड्याभोवतीचा फलाट, हमाल, हातातला कंदील, भिंतीवरची जाहिरात यांसकट फोटो काढून ठेवला असेल तर आज त्याची किंमत करता येणार नाही. इथे नंबरवाल्यांनाही त्यांचं श्रेय देऊ. नंबर, तारीख, ठिकाण जपण्याची त्यांची खोड तीस वर्षांनी इतिहासकाराच्या कामी येते. फक्त त्यांनी चौकट एवढी घट्ट आवळू नये की नंबर उरेल आणि रेल्वे जाईल.

आता एकच गोष्ट बिनथट्टेची. जुलै 2023 मध्ये दूधसागर धबधब्याकडे रुळांवरून निघालेल्या हौशी भटक्यांना पोलिसांनी उठाबशा काढायला लावल्या, त्यावर सगळे हसले. हसण्यासारखं त्यात फार थोडं होतं. रेल्वेच्या हद्दीत विनापरवाना शिरणं हा रेल्वे कायद्याच्या कलम 147 खाली गुन्हा आहे. सहा महिन्यांपर्यंत कैद, हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. कायदा बाजूला ठेवला तरी भिंग फसवतं. फोनचं भिंग रुंद कोनाचं असतं, त्यात गाडी आहे त्याहून लांब दिसते. ताशी 130 च्या गाडीला शंभर मीटर यायला तीन सेकंदही लागत नाहीत, आणि विजेचं इंजिन डिझेलइतका बोभाटा करत येत नाही. शिवाय रात्री चालकाच्या डोळ्यांवर फ्लॅश मारणं हा शुद्ध हलकटपणा आहे. लिंकच्या मागे अख्खी कंपनी होती. तुमच्या मागे दहा रुपयांचं प्लॅटफॉर्म तिकीट आहे, तेही दोन तासांचं.

तेव्हा, घरोघरच्या काकूंनो, घाबरू नका. नाद वाईट नाही, नादातला सोवळेपणा वाईट. आमचा निवाडा असा: इंजिन दिसतं तो इंजिनाचा फोटो, ठिकाण, काळ आणि माणूस दिसतो तो रेल्वेचा फोटो. दुसरा काढायला वेगळा कॅमेरा लागत नाही, अर्धं पाऊल मागे यावं लागतं. ते फलाटावर, पादचारी पुलावर, रस्त्याकडेच्या टेकाडावर उभं राहूनही येता येतं. गाडी निघून गेली की लगेच कॅमेरा पिशवीत कोंबू नका. कर्जतहून घाट चढणाऱ्या गाडीला मागून रेटणारी बँकर इंजिनं अजून जायची असतात. 37 मीटरला एक मीटर अशा त्या चढावर खरा घाम तीच गाळतात, आणि त्यांच्या वाटेला फोटो कमीच येतात. ती गेली की खांद्यावर हातोडा घेऊन रुळांची चावी न् चावी तपासत चाललेला कीमॅन दिसेल. त्याला विचारून त्याचा एक काढा.

खांब पुसू नका, डबेवाल्या काकांना हाकलू नका, रुळांत उतरू नका. आणि फोटोखाली ठिकाण व तारीख जरूर लिहा. नंबर राहिला तरी चालेल. तो ओळखून सांगणारे दहा जण पाच मिनिटांत हजर होतील.